भांडुपच्या बांधावर पीलू बघायला जाताय? आधी हे वाचा

"नाहूर स्टेशनला उतरायचं, दहा मिनिटांत खाडीच्या बांधावर, समोरच पीलूची झुडपं." हे ज्याने मला सांगितलं तो बहुतेक एसी गाडीतून काचेआडून बघून आला असावा. झुडपं आहेत हे खरं. बाकी सगळं साफ खोटं.

जायचं कारण असं. आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, खाडीच्या अंगाला. मागच्या कुंपणालगत काही म्हणता काही टिकत नाही. अशोक पिवळे पडले, सुपारीचे पाम करपले, जास्वंदीने तर एक उन्हाळाही काढला नाही. बोअरचं पाणी खारट, आणि मार्च-एप्रिलात मातीवर पांढरा खार दिसतो. राजस्थान-कच्छच्या खारट रेताडात वाढणारं पीलू, म्हणजे ज्याच्या काड्यांनी दात घासतात ते मिस्वाकचं झाड, आपल्या ठाणे खाडीच्या काठावरही आपसूक उगवतं. म्हटलं, लावण्याआधी ते इथल्या मातीत कसं दिसतं ते डोळ्यांनी बघू.

तर रस्ता. हायवे ओलांडून भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडे वळलात की सुरुवातीचा तुकडा बरा आहे. पुढे दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ, मध्येमध्ये डेब्रिजचे ढीग, सांडपाण्याच्या तलावांचा वास आणि कुत्री. कुत्री एकेकटी नसतात, टोळीने असतात. हातात छत्री ठेवा, पळू नका, आणि खायचं काही उघडं नेऊ नका. सावली औषधालाही नाही. मी ऊन चढल्यावर बांधावर पोहोचलो तेव्हा अंगातलं सगळं पाणी शर्टात आलेलं होतं. सकाळी सातच्या आत बांधावर असाल तरच जा, नाहीतर घरी झोपा.

सगळ्यात वाईट तुकडा म्हणजे बांधाच्या उतरणीचा. वरून जमीन वाळून तडकलेली दिसते, म्हणून माणूस बिनधास्त पाय टाकतो. खाली काळा गाळ. भरती ओसरून तासभर झाला असेल तर पोटरीपर्यंत जाल. सोबतच्या मित्राची चप्पल अजून तिथेच आहे. घोट्यावर बांधता येणारे बूट घाला आणि भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा. खरं सांगायचं तर बांधावरून खाली उतरायची गरजच नाही. पीलू चिखलात नसतंच. ते तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या मागे, जमिनीकडच्या कोरड्या उंचवट्यावर असतं.

रिक्षाचं वेगळंच. मीटर २६ रुपयांपासून सुरू होतं, आणि हे अंतर मीटरने शंभरी गाठत नाही. मला "रिटर्न मिळत नाही साहेब" म्हणून अडीचशे सांगितले. घासाघीस करून दीडशेवर आला आणि अर्ध्या रस्त्यात "पुढे टायर जातो" म्हणून उतरवलं. परतीला तिथे रिक्षा मिळत नाही, एवढं मात्र तो खरं बोलला. हायवेपर्यंत चालत यायची तयारी ठेवा.

आता झुडूप. फांद्या चहूबाजूंनी जमिनीकडे झुकलेल्या, पानं समोरासमोर, जाड, मांसल, फिक्या हिरव्या रंगाची. तिवराचं पानही समोरासमोरच येतं, पण ते उलटं केलं की खालून पांढुरकं दिसतं. पीलूचं पान दोन्हीकडून सारखं. पण खरी परीक्षा नाकाची. पान चुरडा. मोहरी फेसल्यावर येतो तसा झणका नाकात गेला की ते पीलू. पीलू आणि मोहरी एकाच गणातली, दोन्हींत ती गंधकाची तिखट रसायनं असतात. मी पान चघळलंही. आधी खारट, मग तिखट, मग जीभ जरा बधिर. फळं वाटाण्याहून लहान, पिकली की गुलाबी-जांभळी. ती गच्च लागलेली बघितली आणि चिखल, कुत्री, रिक्षावाला, सगळं माफ केलं. पाचच मिनिटं, पण केलं.

तिथून रोप उपटून आणायचा विचार असेल तर सोडा. हे खारफुटीचं राखीव वन आहे, वर कोर्टाचे आदेश आहेत. बघा, फोटो काढा, चला.

ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातही जाऊन आलो. लाकडी पायवाट, माहितीफलक, सगळं सुरेख. पोरांना घेऊन तिकडेच जा.

रोप विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीत मला "ओरिजिनल मिस्वाक" म्हणून साडेचारशेला कुंडी दाखवली. पान चुरडलं, वास शून्य. चक्क कोयनेल! कुंपणाला लावतात ती, पिशवीमागे वीस रुपयांची. मालकाला म्हटलं, "दादा, ही कोयनेल आहे." तर म्हणे, "खाऱ्या पाण्यात हीपण चालते." चालते, खरंच चालते, पण वीस रुपयांना. कच्छकडून कोणी आणणार असेल तर त्यांना "खारी जाळ" सांगा. "मीठी जाळ" ही वेगळी जात. तिची पानं अरुंद असतात आणि ती कोरड्या मुलखातली आहे, मुंबईच्या पावसात तिच्या नादी लागू नका.

ओळखीच्या कुणाकडे झाड असेल तर ताजं पिकलं फळ घ्या आणि गर पूर्ण धुऊन काढा. गर राहिला तर बी रुजायला अडतं. रात्रभर भिजवून लगेच पेरा, जुनं बी वाया जातं. रोप जमिनीत लावायचं ते जून-जुलैत. पावसाने वरच्या थरातला खार खाली धुपतो, तेवढ्यात मुळं खाली जातात. ऑक्टोबरपासून खार पुन्हा वर चढू लागतो. खाऱ्या जमिनीतलं असलं तरी पहिल्या वर्षी गोडं पाणी द्याच. पाणी साचणारा खड्डा नको, मातीचा उंचवटा करून लावा.

आणि जागा द्या. आमचे सेक्रेटरी काका दोन फुटांच्या पट्टीत ओळीने लावू म्हणत होते. नाही जमणार, हे पसरणारं झाड आहे. सुटं वाढू द्यायचं तर चार मीटर सोडा, छाटून कुंपण करायचं तर दीड मीटर. पहिली दोन वर्षं ते जागचं हलत नाहीसं वाटेल, तेव्हा कमिटीत ओरड होईल.

माळ्यालाही आधीच बजावून ठेवा. पानं कुरतडलेली दिसली तरी औषध मारायचं नाही. स्मॉल सॅमन अरब नावाचं फिक्या गुलाबी-नारिंगी पंखांचं फुलपाखरू याच झाडावर अंडी घालतं. अळ्या पानाच्याच रंगाच्या असतात, जवळ गेल्याशिवाय दिसायच्या नाहीत.