पोरोसच्या धक्क्याला बोट उलटी लावताना

ग्रीसच्या लहान बंदरांत शिडाची बोट धक्क्याला लांबीने लावण्याची चैन फारशी परवडत नाही, जागाच नसते. नांगर समोर टाकायचा, बोट रिव्हर्समध्ये मागे घ्यायची आणि मागचे दोन दोर धक्क्याला बांधायचे. अथेन्सच्या अलिमोस मरीनातून भाड्याची बोट घेताना मला शिडांपेक्षा याचीच धास्ती होती. म्हणून सुरुवातीला प्रशिक्षक बरोबर घेतला.

त्याने धक्क्याजवळ जाऊच दिलं नाही. मोकळ्या पाण्यात बोट थांबवून, सुकाणू सरळ ठेवून रिव्हर्स टाकायला लावला. बोट मागे निघण्याआधीच तिचं शेपूट डाव्या अंगाला सरकलं. बहुतेक बोटींचा इंजिनावर फिरणारा पाण्याखालचा पंखा रिव्हर्समध्ये तसंच ओढतो, आणि तेव्हा सुकाणूचं चाक कितीही फिरवा, सुकाणूच्या पात्यावरून पाणी वाहत नसल्याने ते दाद देत नाही. साधारण दोन नॉट, म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटरच्या आसपास वेग आला की सुकाणूला पकड येते. मग गिअर न्यूट्रल केला की पंख्याची ओढही संपते आणि बोट निमूट मागे जाते. घाबरून हळू जाणाराच इथे जास्त गोत्यात येतो. मला हे पटायला वेळ लागला.

चाकाच्या पुढच्या बाजूला, मागे तोंड करून उभं राहायचं. मग डावं-उजवं उलटं करत बसावं लागत नाही. चाक जिकडे, बोट तिकडे. पण चाक दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, नाहीतर पाण्याच्या दाबाने पातं एकदम आडवं होतं आणि चाक मनगटाला हिसका देतं.

अथेन्सजवळच्या पोरोस बेटावर पोहोचलो तेव्हा वारा आडवा होता. दोन्ही बाजूंना फेंडर (धक्का झेलणाऱ्या फुगीर उशा), डिंगी म्हणजे मागे ओढायची छोटी होडी आखडून पुढे बांधलेली, दोराचं एकही टोक पाण्यात नाही, कारण पंख्यात दोर अडकला की सगळंच संपलं. धक्क्यापासून चारेक बोटींच्या लांबीइतक्या अंतरावर नांगर सोडला. बायको पुढे साखळीपाशी होती. "मोकळी सोड, अडवू नकोस!" मी ओरडलो. "सोडतेय रे, तू मागे बघ!" साखळी अडली असती तर वेग तुटला असता आणि वाऱ्याने पुढचं टोक शेजारच्या बोटीवर नेलं असतं. शेजारी तोवर ग्लास खाली ठेवून फेंडर हातात घेऊन उभे होतेच. बोट आली की हे लोक नेहमीच उभे राहतात, त्यात अपमान मानायचा नाही. हातापायांनी बोट अडवायची नाही, असं आमच्या सगळ्यांना आधीच बजावलं होतं. काही टनांपुढे पायाचं हाड काय टिकणार?

शेवटी पुढच्या गिअरचा छोटासा झटका देऊन बोट थांबवली आणि वाऱ्याकडचा दोर आधी बांधला. धक्क्याच्या पायथ्याशी दगड असू शकतात आणि सुकाणू खोल असतं. शिवाय फेरी गेली की लाट येते. त्यामुळे साखळी ताणून बोट भिंतीपासून थोडी लांबच ठेवली आणि उतरायला फळी टाकली.