मात्सुमोतोच्या जंक कॉर्नरमधले गोल्ड फॉइल पिकअप

टोकियोतल्या शिंजुकूहून सकाळची आझुसा एक्स्प्रेस पकडली की अडीच-पावणेतीन तासांत मात्सुमोतो. कोफूनंतर डोंगर जवळ येतात, मग सुवा तलाव दिसतो, खिडकीची सीट मिळाली तर उत्तमच. बहुतेक लोक इथे काळा किल्ला बघायला येतात आणि तो बघाच, पण गिटारवाल्यांसाठी हे गाव वेगळ्याच कारणाने मोठं आहे. गिटार बनवणारी फुजिगेन कंपनी इथे १९६० मध्ये सुरू झाली, आणि मात्सुमोकु ही दुसरी कंपनी आधी शिलाई मशीनची लाकडी कॅबिनेटं बनवायची, मग त्याच सुतारकामाच्या जोरावर आरिया प्रो टू, वेस्टोनसारख्या एकसे एक गिटारी बनवायला लागली, १९८७ मध्ये बंद पडली तरी तिच्या गिटारी अजून लोक शोधत फिरतात.

बायको किल्ल्याच्या रांगेत आणि मी हार्ड-ऑफमध्ये, असं आधीच ठरलेलं. हार्ड-ऑफ म्हणजे जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचं आणि वाद्यांचं दुकान, जपानभर शाखा आहेत, आणि खरी मजा असते त्यांच्या जंक कॉर्नरमध्ये, तिथल्या मालाला गॅरंटी नाही, घेतलेलं परत नाही, म्हणून किंमत एकदम खाली. मला हव्या होत्या साठच्या दशकातल्या गिटारी. १९६५ मध्ये व्हेंचर्स हा अमेरिकन गिटार बँड जपानला येऊन गेला आणि पोरांना इलेक्ट्रिक गिटारचं असं वेड लागलं की तेइस्को, गुयातोनसारख्या कंपन्यांनी धडाधड गिटारी काढल्या, मग लाट ओसरली, १९६७ मध्ये तेइस्को कावाईकडे गेली आणि कितीतरी गिटारी घरोघरच्या कपाटांत पडून राहिल्या. आता ती कपाटं रिकामी होतायत.

पिकअप म्हणजे तारांखालचा भाग, जो त्यांची थरथर पकडून ॲम्पकडे पाठवतो, आणि या गिटारींतले गोल्ड फॉइल पिकअप आज सगळ्यांना हवे आहेत. क्रोमच्या कव्हरला खिडक्या आणि त्यातून चमकणारा सोनेरी कागद, दिसायलाच इतके देखणे. अमेरिकन गिटारवादक राय कुडरने (आपल्या विश्वमोहन भट्टांबरोबर वाजवलेला तोच) आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये तेइस्कोचा असा एक पिकअप बसवला, त्याचा स्लाइडचा (तारांवर नळी घसरवून वाजवण्याचा) आवाज जगाने ऐकला आणि भाव वर गेले. त्यामुळे आता लोक चांगल्या, वाजणाऱ्या गिटारी सुद्धा फक्त पिकअपसाठी फोडतात, आणि याचा मला मनापासून राग येतो. पन्नास-साठ वर्षं टिकलेली गिटार वाजत असेल तर तिला तार लावा आणि वाजवा ना!

माझा नियम साधा आहे. गिटारची मान (तारा दाबतो तो लांब दांडा) गेली असेल तरच पिकअप काढायचा. त्या काळच्या बऱ्याच स्वस्त गिटारींत ॲडजस्ट होणारा ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) नसायचा, म्हणून मान धनुष्यासारखी वाकली की सरळ करायला सोपा मार्गच नसतो. जंक कॉर्नरमधली लाल सनबर्स्ट रंगाची गिटार तशीच निघाली, बाराव्या फ्रेटपाशी तारा बोटभर वर, ब्रिज गंजलेला, एक ट्यूनर गायब. शेजारची निळी मात्र ठणठणीत होती, तिला मी फक्त पुसून परत ठेवली.

पिकअप जिवंत आहे का हे बघायला मल्टीमीटर जवळ हवाच. लालवाल्याचं रीडिंग साडेसहा किलोओहमच्या आसपास आलं, म्हणजे कॉइल शाबूत. काही आकडाच आला नाही तर आतली तार कुठेतरी तुटलेली, मग रीवाइंडिंग, म्हणजे नवी तार गुंडाळणं, करावं लागतं. काउंटरवरच्या मुलाला विचारून ॲम्पला जोडली आणि स्क्रूड्रायव्हरने पिकअपवर हलकेच टकटक केलं, स्पीकरमधून ठक ठक असा स्पष्ट आवाज, व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर. नॉबखालचा पॉट खराब, पिकअप उत्तम!

संध्याकाळी गल्लीतल्या एका रिपेअरवाल्या काकांकडे तो पिकअप उघडला. फॉइलखाली काळं रबरासारखं मॅग्नेट आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे वेढेच वेढे, काकांनी सोल्डरिंग आयर्न क्षणभर टेकवलं आणि लगेच उचललं, जास्त गरम केलं तर तिथेच तार जाते म्हणाले. मेणात बुडवू का असं त्यांनी विचारलं तर मी नको म्हणून मान हलवली. असा मेण न घातलेला पिकअप मोठ्या आवाजात शिट्टी मारतो हे खरंय, पण बोटांची घासघास, स्लाइडचं घसरणं सगळं त्यात येतं, आणि मला तेच हवंय.

आता तो माझ्या टेलिकास्टर टाइप गिटारच्या नेक पोझिशनला, म्हणजे मानेजवळच्या जागी, बसलाय. पातळ असल्यामुळे खोल खड्डा कोरावा लागत नाही, थोडं लाकूड काढलं की झालं. ५०० किलोओहमचा पॉट लावला, गिटार ओपन जी मध्ये (मोकळ्या ताराच जी कॉर्ड देतील अशी) ट्यून केली, थोडा हम (गुणगुणाट) आहेच पण खालच्या तारांना जो गोलावा आलाय तो माझ्या दुसऱ्या कुठल्याच पिकअपला नाहीये.

तुम्ही टोकियोत असाल आणि मात्सुमोतोला जाणं जमत नसेल तर ओचानोमिझु स्टेशनला उतरा, मेइदाई-दोरीवर गिटारचीच दुकानं आहेत एकाला लागून एक, विंटेज माल मिळतो पण भाव चढे, कान तयार करायला मात्र याहून चांगली जागा नाही. लाल गिटारची बॉडी मी ठेवलीये, मान जुळणारी मिळाली तर तीही परत वाजेल, कोणाकडे तेइस्कोची सुटी मान असेल तर खाली नक्की लिहा.