परवाची पेटी

एकादशीचं भजन होऊन दोन दिवस झाले, तरी ते मनातून जात नाही. बुवा एवढंच म्हणाले, "आज पेटी धाकट्याकडे द्या, तुम्ही टाळ घ्या." दिली. हसत दिली. अभंग म्हटले, प्रसाद घेतला, घरी आलो. जेवण गेलं नाही. तिने विचारलं तर म्हटलं, पित्त झालंय.

३१ वर्षं ती पेटी माझ्यापुढे होती. कोणाला आठवतं का ते?

झोप येईना म्हणून डेल मॅकॉरी लावले, ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताचे गायक. वरच्या पट्टीतला तो आवाज लागला की बरं वाटतं. काल नाही वाटलं. ते १९६३ साली बिल मन्रोंच्या बँडमध्ये गेले ते बँजोवाले म्हणून. लहानपणी बँजोवादक अर्ल स्क्रग्ज ऐकले तेव्हापासून बँजोचंच वेड. मन्रोंनी त्यांच्या हाती गिटार दिली आणि गायला पुढे उभं केलं. बँजोला बिल कीथ आले. डेल तेव्हा २४ वर्षांचा पोरगा. त्या रात्री त्याला तरी जेवण गेलं असेल का?

पण त्याला पुढे बोलावलं होतं. मला मागे बसवलं. हे लिहितानाही घसा दाटतोय.

मन्रोंना सोडल्यावर डेलचं कितीतरी वर्षं पेनसिल्व्हेनियात लाकूडतोडीचं काम आणि शनिवार-रविवारी गाणं. १९८१ ला १४ वर्षांचा मुलगा रॉनी मँडोलिन घेऊन बापाशेजारी उभा राहिला. मँडोलिन, म्हणजे मन्रोंचं वाद्य. मग दुसरा मुलगा रॉब आला, आणि त्याच्या हातात काय, तर बँजो! बापाने खाली ठेवलेला. १९९२ ला बिऱ्हाड नॅशव्हिलला. तिथल्या ग्रँड ओल ऑप्री या मानाच्या रेडिओ कार्यक्रमात सभासद म्हणून घेतलं ते २००३ ला, पहिलं ग्रॅमी २००६ ला, म्हणजे ६७व्या वर्षी.

त्यांच्यात मधोमध एकच माइक असतो, सगळे त्याच्याभोवती. रॉबची पाळी आली की तो बँजो माइकपाशी आणतो आणि डेल बाजूला सरतात. गिटारीचा ठेका मात्र सुटत नाही. तेवढाच तुकडा मी तीनदा मागे नेऊन पाहिला. ते हसत असतात. मीही हसत दिली होती. पण मी पेटी दिल्यानंतर धाकट्याकडे एकदाही पाहिलं नाही, नुसता टाळ कुटत बसलो. आता आठवतंय, तो दोनदा वळून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, मिरवतोय.

तो पट्टी विचारत असणार. त्याने काळी दोन धरली होती. बुवांना ती हल्ली झेपत नाही, गौळणीत त्यांचा आवाज फाटला. गेलं वर्षभर मी न बोलता काळी एकवर उतरतो, ते त्याला कोण सांगणार?

उठला की सांगतो. भात्याचंही सांगायला हवं, डाव्या कोपऱ्यातून हवा जाते.