तुम्ही विचारलंत म्हणून: इनलाइन की मल्टी-स्टेटमेंट?

"टेबल परत करणारं फंक्शन लिहायचंय. इनलाइन लिहू की मल्टी-स्टेटमेंट?" एसक्यूएल सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर) काम करणारी मंडळी हे हमखास विचारतात, आणि बहुतेक वेळा विचारेपर्यंत फंक्शन लिहून झालेलं असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: इनलाइन लिहा. मल्टी-स्टेटमेंट लिहायचंच असेल, तर का लिहिलं याचं कारण फंक्शनच्या वरच्या कॉमेंटमध्ये एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. "मला तसं सोपं वाटलं" हे कारण धरत नाहीत.

दोन्ही प्रकार एसक्यूएल सर्व्हर २००० पासून आहेत. इनलाइनमध्ये 'रिटर्न्स टेबल' म्हणायचं आणि 'रिटर्न'पुढे एकच सिलेक्ट लिहायचा. बिगिन नाही, एंड नाही. मल्टी-स्टेटमेंटमध्ये 'रिटर्न्स'नंतर एका टेबल व्हेरिएबलचं (ओळी तात्पुरत्या ठेवणाऱ्या चलाचं) नाव आणि त्याच्या कॉलमांची यादी येते. मग बिगिन-एंडच्या मधे हवी तेवढी स्टेटमेंट लिहून ते व्हेरिएबल भरायचं आणि शेवटी नुसता 'रिटर्न'. बाहेरच्या क्वेरीत फ्रॉमपुढे दोन्ही अगदी सारखी दिसतात. गोंधळ होतो तो इथेच.

कारण ऑप्टिमायझरला, म्हणजे क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या भागाला, ती सारखी दिसत नाहीत. इनलाइन फंक्शन म्हणजे पॅरामीटर घेणारा व्ह्यू (नाव देऊन ठेवलेली क्वेरी). क्वेरी कंपाइल होताना फंक्शनचं नाव गळून पडतं, आतला सिलेक्ट बाहेरच्या क्वेरीत मिसळतो आणि दोन्हींचा मिळून एकच प्लॅन (चालवण्याचा आराखडा) बनतो. मल्टी-स्टेटमेंट हा झाकण लावलेला डबा आहे. आत किती पोळ्या, म्हणजे ओळी, आहेत, हे झाकण न उघडता सांगायचं. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पर्यंत ऑप्टिमायझर बेधडक सांगायचा: एक. २०१४ मध्ये नवा कार्डिनॅलिटी एस्टिमेटर (ओळींचा अंदाज बांधणारा भाग) आला, तेव्हापासून तो म्हणतो: शंभर. दोन्ही आकडे ठोकून दिलेले. तुमच्या डेटाशी त्यांचा काडीचा संबंध नाही, कारण टेबल व्हेरिएबलवर स्टॅटिस्टिक्स (डेटा कसा विखुरलाय याची नोंद) नसतातच.

एक उदाहरण घेऊ. दूध संकलन केंद्राचा डेटाबेस आहे. २,००० सभासद, सकाळ-संध्याकाळ मिळून रोज दोन नोंदी, म्हणजे संकलनाच्या टेबलात वर्षाला साधारण १४ लाख ६० हजार ओळी. बिल दर दहा दिवसांनी. सभासद क्रमांक आणि दोन तारखा घेऊन त्या सभासदाच्या नोंदी देणारं मल्टी-स्टेटमेंट फंक्शन लिहिलं, तर ते २० ओळी देईल. अंदाज १००, प्रत्यक्षात २०. काही बिघडत नाही. चाचणीत सगळं झकास चालतं ते याचमुळे.

आता नुसत्या दोन तारखा घेऊन सगळ्या सभासदांच्या नोंदी देणारं फंक्शन पाहा. ओळी ४०,०००, अंदाज तोच १००. शंभरच ओळी आहेत असं समजून ऑप्टिमायझर पुढच्या टेबलाशी नेस्टेड लूप्सने (एकेक ओळ घेऊन) जॉइन करतो, म्हणजे ४०,००० वेळा इंडेक्समध्ये शोधाशोध. सॉर्टसाठी मेमरी मागतो तीही शंभर ओळींपुरती, मग सॉर्ट टेम्पडीबीत (डिस्कवरच्या तात्पुरत्या डेटाबेसात) सांडतो. त्यावर बाहेरच्या क्वेरीत "फक्त सकाळची पाळी" अशी अट घातली, तरी फंक्शन आधी ४०,००० ओळी व्हेरिएबलमध्ये भरतं आणि अर्ध्या नंतर फेकल्या जातात. इनलाइन असतं तर ती अट थेट संकलनाच्या टेबलावरच्या इंडेक्सपर्यंत पोचली असती. शिवाय आत दरपत्रकाशी युनिक की वर लेफ्ट जॉइन असेल आणि बाहेर दराचा कॉलम कुणी मागितलाच नसेल, तर इनलाइनमध्ये तो जॉइन प्लॅनमधून उडून जाऊ शकतो. डब्यातला जॉइन मात्र दर वेळी चालणारच.

सर्वांत महाग पडतं ते क्रॉस अप्लाय, म्हणजे बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी फंक्शन बोलावणं. सभासदांच्या टेबलातून एकेक क्रमांक घेऊन पहिलं फंक्शन बोलावलं, तर मल्टी-स्टेटमेंट २,००० वेळा चालतं: २,००० वेळा व्हेरिएबल रिकामं करायचं, भरायचं, वाचायचं. त्यात भर म्हणजे टेबल व्हेरिएबलमध्ये बदल करणाऱ्या स्टेटमेंटला पॅरलल प्लॅन (एकाच वेळी अनेक प्रोसेसरांवर चालणारा) मिळत नाही. तेच फंक्शन इनलाइन असेल तर ऑप्टिमायझर अप्लाय मोडून साधा हॅश जॉइन करू शकतो आणि संकलनाचं टेबल एकदाच वाचून मोकळा होतो.

"पण २०१७ पासून हे सुधारलंय ना?" हा पुढचा प्रश्न. अर्धवट सुधारलंय. एसक्यूएल सर्व्हर २०१७ मध्ये इंटरलीव्ह्ड एक्झिक्युशन आलं. त्यात ऑप्टिमायझर मधेच थांबतो, फंक्शन चालवतो, खऱ्या ओळी मोजतो आणि उरलेला प्लॅन त्या आकड्यावर बनवतो. पण डेटाबेसची कंपॅटिबिलिटी लेव्हल (कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं तो आकडा) १४० किंवा वर हवी. जुन्या सर्व्हरवरचा बॅकअप नव्यावर रिस्टोअर केला तर लेव्हल जुनीच राहते, त्यामुळे "आम्ही २०१९ वर आहोत" एवढ्यावर विसंबू नका; सिस डॉट डेटाबेसेस या सिस्टिम व्ह्यूत आकडा पाहा. क्वेरी फक्त वाचणारी हवी, इन्सर्ट-अपडेटचा भाग असेल तर हे लागू नाही. अप्लायमध्ये बाहेरच्या ओळीतला कॉलम पॅरामीटर म्हणून दिला असेल तरी लागू नाही, म्हणजे जिथे सर्वांत जास्त दुखतं तिथेच औषध नाही. आणि पहिल्या वेळी मोजलेला आकडा प्लॅनसोबत कॅशमध्ये राहतो. पहिल्यांदा कुणी एकाच दिवसाच्या तारखा दिल्या, तर नंतर वर्षभराचा अहवाल काढणाऱ्यालाही एका दिवसाचाच प्लॅन मिळतो. २०१९ चं स्केलर फंक्शन इनलाइनिंग तर निराळंच प्रकरण आहे. ते एकच किंमत देणाऱ्या फंक्शनांसाठी आहे, मल्टी-स्टेटमेंटला ते हात लावत नाही.

इनलाइन सगळीकडे सुखाचं आहे असंही नाही. आत विथ लिहून तोच भाग दोनदा वापरला, तर तो दोनदा मोजला जातो. सीटीईचा (विथने नाव दिलेल्या अशा भागाचा) निकाल कुठे साठवला जात नाही. "पॅरामीटर नल असेल तर सगळे, नाहीतर तेवढाच" असली सर्वसमावेशक अट आत घातली, की एकच प्लॅन दोन्ही परिस्थितींना पुरवावा लागतो आणि तो दोन्हीकडे वाईट निघतो. उपाय ऑप्शन रिकंपाइल, पण तो बाहेरच्या क्वेरीत द्यावा लागतो, कारण इनलाइनच्या आत ऑप्शन लिहिता येत नाही. रिकर्सिव्ह (स्वतःलाच बोलावणारी) सीटीई असेल तेव्हा हेच आडवं येतं: मर्यादा मुळात १०० पातळ्यांची आहे, ती वाढवणारा मॅक्सरिकर्शन दरेक बोलावणाऱ्याने आठवणीने लिहायचा. मल्टी-स्टेटमेंटमध्ये तो आतल्या इन्सर्टला लावून विसरता येतं. इनलाइनवर इनलाइन, त्यावर आणखी इनलाइन असे मजले चढवले तर मिसळून तयार झालेली क्वेरी एवढी मोठी होते, की ऑप्टिमायझर हात टेकतो आणि सापडेल तो प्लॅन देतो. दोन मजल्यांवर मी थांबायला सांगतो.

मग मल्टी-स्टेटमेंट केव्हा? ओळी कायम थोड्या असतील, पायऱ्या खरोखरच एका सिलेक्टमध्ये बसत नसतील आणि बोलावणारा सिलेक्टशिवाय काहीच करू शकत नसेल, उदाहरणार्थ एखादा व्ह्यू किंवा फक्त क्वेरी स्वीकारणारं रिपोर्टिंगचं साधन. तिन्ही अटी एकदम. त्यात व्हेरिएबलला प्रायमरी की जरूर द्या, जॉइनला तेवढाच आधार. तिसरी अट नसेल तर स्टोअर्ड प्रोसिजर लिहा आणि टेम्प टेबल वापरा. टेम्प टेबलावर स्टॅटिस्टिक्स बनतात, मागाहून इंडेक्स टाकता येतो. फंक्शनच्या आत टेम्प टेबल चालत नाही, डायनॅमिक एसक्यूएल चालत नाही, ट्राय-कॅचही चालत नाही.

पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांनाही हा प्रश्न पडतो, फक्त तिथे प्रकारांची नावं वेगळी. तिथल्या पीएल-पीजीएसक्यूएल या भाषेतलं फंक्शन कधीच क्वेरीत मिसळत नाही. रिटर्न क्वेरीचा सगळा निकाल आधी गोळा होतो, वर्क मेमच्या (ठरवून दिलेल्या मेमरीच्या) बाहेर गेला तर डिस्कवर जातो आणि मगच बाहेर येतो. ओळींचा अंदाज, तुम्ही 'रोज' (ROWS) या कीवर्डने वेगळा सांगितला नाही तर, १,०००. लँग्वेज एसक्यूएलमधलं एकाच सिलेक्टचं फंक्शन मात्र फ्रॉममध्ये वापरल्यावर मिसळू शकतं. त्यासाठी ते स्टेबल किंवा इम्युटेबल (डेटा बदलत नाही असं जाहीर केलेलं) हवं, आणि स्ट्रिक्ट, सिक्युरिटी डिफायनर किंवा सेट यांपैकी काहीही नको. काहीच लिहिलं नाही तर फंक्शन व्होलाटाइल (दर वेळी निकाल बदलू शकणारं) धरलं जातं. म्हणून 'स्टेबल' हा एक शब्द राहिला की सगळं मुसळ केरात. एक्सप्लेनमध्ये (प्लॅन दाखवणाऱ्या आज्ञेत) 'फंक्शन स्कॅन' दिसलं तर डबा बंद आहे. नाव गायब होऊन थेट टेबलाचा इंडेक्स स्कॅन दिसला तर मिसळलं. ओरॅकलच्या पाइपलाइन्ड फंक्शनात ओळी तयार होतील तशा बाहेर पडतात, त्यामुळे मेमरीची चिंता कमी. पण अंदाजाचं दुखणं तेच, ८ केबीच्या ब्लॉकला ८,१६८ ओळी.

परत एसक्यूएल सर्व्हरकडे. तुमच्याकडे कोणती फंक्शनं कोणत्या जातीची आहेत, हे सिस डॉट ऑब्जेक्ट्समधला टाइप कॉलम सांगतो: इनलाइनला 'आयएफ', मल्टी-स्टेटमेंटला 'टीएफ'. त्यांतलं कोणतं वेळ खातंय हे शोधणं अवघड, कारण फंक्शनांची आकडेवारी देणारा २०१६ पासूनचा डीएमव्ही (सर्व्हरची अंतर्गत माहिती दाखवणारा व्ह्यू) टेबल परत करणारी फंक्शनं दाखवतच नाही. प्लॅनमध्ये 'टेबल व्हॅल्यूड फंक्शन' नावाचा ऑपरेटर शोधा आणि त्याच्यासमोरच्या टक्केवारीवर विश्वास ठेवू नका. ती अंदाजावरून काढलेली असते, आणि मुळात अंदाजच खोटा आहे.

'टीएफ'चं 'आयएफ' करताना बहुतेक भाग सरळ उतरतो. इफ-एल्सच्या दोन फांद्या असतील तर दोन सिलेक्ट युनियन ऑलने जोडा आणि दोन्हींत पॅरामीटरची अट घाला. नको असलेली फांदी चालताना सुरूच होत नाही. व्हेरिएबल भरून मग अपडेट करायच्या पायऱ्या सीटीईंच्या साखळीत किंवा क्रॉस अप्लाय व्हॅल्यूजमध्ये बसतात. चढती बेरीज करणारा व्हाइल लूप विंडो फंक्शनने जातो. तारखांची यादी बनवणारा लूप आकड्यांच्या टेबलाने किंवा २०२२ पासून जनरेट सिरीजने जातो.

फसगत होते ती कॉलमच्या टाइपमध्ये. मल्टी-स्टेटमेंटमध्ये रकमेचा कॉलम तुम्ही डेसिमल, दोन दशांश असा जाहीर केलेला असतो, त्यामुळे भरतानाच प्रत्येक ओळ पैशापर्यंत पूर्णांकित होते. इनलाइनमध्ये टाइप सिलेक्टमधून ठरतो. लिटर दोन दशांश, दर दोन दशांश, गुणाकार चार दशांश. ओळी तशाच, पण दहा दिवसांची बेरीज काही पैशांनी वेगळी येते, आणि सभासद पैशाचाही हिशेब मागतो. म्हणून दरेक मोजलेल्या कॉलमला जुन्याच टाइपचा कास्ट लावा. जुन्या व्हेरिएबलवर प्रायमरी की असेल तर दुबार ओळ आल्यावर एरर यायची. इनलाइनमध्ये ती गुपचूप पुढे जाईल. तपासताना जुन्या-नव्याचा एक्सेप्ट (एकीकडे असलेल्या पण दुसरीकडे नसलेल्या ओळी देणारा) दोन्ही दिशांनी चालवा, आणि ओळींची संख्या वेगळी मोजा, कारण एक्सेप्टला दुबार ओळी दिसत नाहीत.

आणि हे सगळं जमल्यावर ऑल्टर फंक्शन चालवलं की एरर येते, कारण ऑल्टरने फंक्शनची जात बदलता येत नाही. क्रिएट ऑर ऑल्टरलाही नाही. ड्रॉप करून नव्याने बनवावं लागतं, आणि ड्रॉपबरोबर त्यावर दिलेल्या परवानग्याही जातात. ड्रॉप करण्याआधी सिस डॉट डेटाबेस परमिशन्समधून त्या उतरवून ठेवा आणि त्याच स्क्रिप्टमध्ये सिलेक्टची ग्रँट परत द्या. नाहीतर फंक्शन दसपट वेगवान होऊनही सकाळी केंद्रावरच्या माणसाला परवानगी नाकारल्याची एररच दिसेल.