निरगुंडीची फौज : धान्य आहे, पण ते पोचत नाही

माझ्या कादंबरीतील निरगुंडी या काल्पनिक राज्याच्या फौजेने उंबरकडा किल्ल्याला घातलेला वेढा मागच्या नोंदीत जिथे अडला होता, तिथून तो अखेर हलला आहे, आणि त्याला वाट करून दिली ती सैनिकांच्या आकड्याने नव्हे, बैलांच्या आकड्याने. निरगुंडीची लोकसंख्या २७ लाख (९०,००० चौरस किलोमीटर, सरासरी घनता ३०) आणि वेढ्यातील फौज ३०,००० हे दोन्ही आकडे मी कायम ठेवले आहेत. हे प्रमाण जेमतेम १.१ टक्का भरते. १७४० मध्ये प्रशिया या जर्मन राज्याने साधारण २२ लाख लोकसंख्येवर सुमारे ८०,००० सैनिक बाळगले होते. अर्थात त्यांत परदेशी भरती बरीच होती आणि देशी सैनिकांना वर्षातील मोठा काळ शेतीसाठी घरी सोडले जात असे. कागदावरची शिबंदी धरली, तर आकडे याहूनही फुगतात : ‘आइन-इ-अकबरी’त जमीनदारांकडील फौजेची बेरीज ४४ लाखांवर दिली आहे, पण तेवढी माणसे एका मैदानात कधी उभी राहिली नाहीत. एवढ्या लोकसंख्येला एवढी फौज पेलेल का, हा टक्केवारीचा प्रश्न त्यामुळे माझ्यापुरता मिटला आहे.

मिटला नव्हता तो रसदीचा. ३०,००० लढवय्ये आणि तितकेच बाजारबुणगे मिळून ६०,००० तोंडे. माणशी रोज एक किलो धान्य धरले, तर ६० टन. ६,००० घोड्यांना प्रत्येकी चार किलो दाणा म्हणजे आणखी २४ टन. घोड्यांची ओली-सुकी वैरण आसपासच्या मुलखातून कापून आणायची, म्हणून ती या हिशेबात घेतलेली नाही. रोजचे ८४ टन, पाच महिन्यांचे १२,६०० टन. हा आकडा पाहून प्रथम वाटते की एवढे धान्य राज्यात असणारच नाही. प्रत्यक्षात २७ लाख लोक माणशी २२० किलोप्रमाणे वर्षाला सुमारे सहा लाख टन धान्य खातात, त्यापुढे वेढ्याची गरज दोन टक्क्यांच्या आसपास आहे. बरे पीक आलेल्या वर्षी एवढे धान्य सारावसुलीतूनच निघेल. अडचण अशी की ते वेणुमती नदीच्या खोऱ्यात आहे, उंबरकडा तिथून १४४ किलोमीटर दूर पठारावर आहे, आणि त्या दोहोंमध्ये नाव चालेल अशी नदी मी नकाशात ठेवलेली नाही. नदी घातली असती, तर काम एका दुपारी उरकले असते. परंतु पठार कोरडे असणे हाच कादंबरीच्या पहिल्या खंडाचा पाया आहे.

पाठीवर गोणी लादलेला बैल १२० किलो वाहतो आणि दिवसाला १२ किलोमीटरची मजल मारतो, असे मी धरले. जायला बारा दिवस, यायला बारा. दिवसाला सात किलो सुका चारा पकडला, तर फेरीत तो १६८ किलो खातो, म्हणजे वाहून नेतो त्याहून अधिक! परतीचा चारा वेढ्याच्या ठिकाणी मिळतो असे मानले, तरी हाती ३६ किलो उरतात. कोष्टकातील हा रकाना मी किती प्रकारे फिरवला, तरी तो अपुराच पडत होता. गाड्या जोडून पाहिल्या. पठाराच्या घाटात गाडीरस्ता नाही, म्हणून त्याही सोडल्या.

कोंडी फुटली ती पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाच्या नोंदीने. १६३२ मध्ये त्याला वाटेत धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा एक तांडा भेटला होता. हे बैल चारा वाहत नसत. वाटेवर चरत चरत जात, आणि म्हणूनच तांड्याची मजल छोटी असे. चाऱ्याचा रकाना शून्य केला आणि सगळे चित्र पालटले. रोज ७०० बैल पोचायला हवेत, लादणे-उतरवणे व विश्रांतीसह एक फेरी २८ दिवसांची, म्हणजे एकूण १९,६०० बैल. मंडीने एका ठिकाणी पाहिलेल्या आकड्याच्या दीडपटीहूनही कमी! हा आकडा कोष्टकात उमटला, तेव्हा मी तो बराच वेळ नुसता पाहत राहिलो.

मात्र गवत बारमाही नसते. पावसाळा संपल्यावर तीन-चार महिने पठार बैलांना पोसेल, त्यानंतर नाही. म्हणजे ‘निरगुंडीची फौज किती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या महिन्यात किती?’ असे विचारावे लागते. चौथ्या महिन्यापासून ४,५०० घोडे खोऱ्यात परत पाठवले, तर रोजचे १८ टन वाचतात आणि तांड्यावरचा भार पाचव्या हिश्श्याहून अधिक हलका होतो. घोडदळ गेल्यावर किल्ल्यातून छापे वाढतील, हे कथानकाला आयतेच मिळाले.

ऑनलाइन मिळणाऱ्या तयार लोकसंख्या-जनरेटरांबद्दल माझे मत यामुळे आणखी वाईट झाले आहे. त्यांत घनता भरली की शहरे, गावे आणि सैन्य सगळे एका झटक्यात बाहेर पडते, पण अंतर, ऋतू आणि जनावर यांना तिथे जागाच नाही. साधी स्प्रेडशीट बरी. निदान कोणता आकडा आपण गृहीत धरला आहे, हे तिच्यात दिसते. ग्रीसवर चालून गेलेल्या इराणी सम्राट झर्क्सीझच्या सैन्याचा ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने दिलेला ५२,८३,२२० हा आकडा जर्मन इतिहासकार हान्स डेलब्रुकने खोडला, तोही कूच करणाऱ्या रांगेची लांबी मोजूनच : पुढचे टोक ग्रीसमधील थर्मोपिलीला पोचले, तरी मागचे इराणातील सुसाहून निघालेले नसते.

पुढची नोंद किल्ल्यातील लोकांच्या साठ्यावर लिहायची, असे ठरवले होते. पण हे लिहिताना लक्षात आले की २०,००० बैल हाकणारी माणसे माझ्या जनगणनेत कुठेच नाहीत. दहा बैलांमागे एक माणूस धरला, तरी २,००० पुरुष. त्यांची कुटुंबे, जुने बैल बदलत राहण्यासाठी लागणारी गाई-वासरे आणि चराईचे हक्क वेगळेच. हे लोक ना निरगुंडीची प्रजा, ना उंबरकड्याची, आणि भाव मिळाला तर ते दोन्ही बाजूंना धान्य विकतील. म्हणून साठ्याचा विषय आता बाजूला ठेवतो. आधी तांडेवाल्यांचा वेगळा रकाना भरतो, आणि एकदा चरून गेलेल्या वाटेवर पुन्हा गवत उगवायला किती आठवडे लागतील, त्यावरून किमान किती समांतर वाटा हव्यात, ते नकाशावर आखतो.