टापांच्या आवाजाचे बेट

नाशिकहून निघालेल्या आमच्या बावीस जणांच्या अमेरिका सहलीत मिशिगन राज्यातल्या मॅकिनॉ बेटासाठी एकच दिवस राखून ठेवला होता, आणि परतल्यापासून भेटेल त्याला मी त्याच दिवसाविषयी सांगत आहे.

आदल्या दिवशी आम्ही डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड संग्रहालय पाहिले. कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांनी ज्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला, ती बस तेथे आहे आणि तिच्यात बसताही येते. शेजारच्या ग्रीनफिल्ड व्हिलेजमध्ये राइट बंधूंचे घर आणि सायकलचे दुकान ओहायोतून उचलून आणून उभे केले आहे. हे सारे पाहण्यासारखेच आहे; मात्र मूळ जागेपासून तुटलेल्या वास्तूंमध्ये फिरताना मन थोडे उपरे राहते.

तेथून बसने उत्तरेकडे जवळपास साडेचारशे किलोमीटर आणि मग ह्यूरॉन सरोवरातून फेरीबोट. फोर्ड यांनी आपली पहिली मोटार १८९६ मध्ये चालवली आणि त्याच मिशिगन राज्यातल्या या बेटावरील गावाने, इंजिनाच्या आवाजाने घोडे बुजतात म्हणून, १८९८ मध्येच मोटारींना बंदी घातली. ती आजही टिकून आहे. रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी अशी मोजकीच वाहने त्याला अपवाद. हॉटेलांचे सामान, किराणा, कचरासुद्धा घोडागाड्यांतून वाहिला जातो. बेटाला वळसा घालणारा सुमारे तेरा किलोमीटरचा रस्ता हा राज्य महामार्ग आहे, आणि त्यावर सायकली चालतात! इंग्रजांनी १७८० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला उंच कड्यावर आहे. त्याच्या तटावरून खाली पाहताना टापांचा लयबद्ध आवाज, घोड्यांच्या लिदीचा वास आणि दुकानांतून येणारा फज या मिठाईचा गोड दरवळ असे सगळे एकत्र वर येत होते.

त्या आवाजाने गटातल्या आम्हा ज्येष्ठांना नाशिकच्या रविवार कारंज्यावरचे टांगे आठवले. माझी आई पाच-सहा पिशव्यांसह टांग्यात बसे आणि मला पुढे टांगेवाल्याच्या शेजारी जागा मिळे. आज सराफ बाजारातून रामकुंडाकडे पायी जाताना मागून सतत हॉर्न वाजत असतो आणि पेशवेकालीन सरकारवाड्यासमोर क्षणभर थांबून वर पाहण्याचीही सोय उरलेली नाही. सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी मात्र वाहने दूर थांबवली जातात आणि लाखो माणसे गोदाघाटापर्यंत चालत जातात. म्हणजे हे आपल्याला जमतच नाही, असे नाही. निदान रविवारी सकाळी एवढा टप्पा वाहनांपासून मोकळा ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

गटातल्या चौघांना हे पटले आहे. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही सरकारवाड्यापासून रामकुंडापर्यंत चालणार आहोत आणि वाटेतल्या दुकानदारांशी याविषयी बोलणार आहोत.