ग्राफिक्स कार्डाआधी पॉवर सप्लाय बघा रे

मामेभावाच्या पीसीत जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे, ४ जीबी मेमरीचं, नवे गेम मीडियमवरही अडकतात, म्हणून काल दोघं इंदूरला आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमधे भाव काढून आलो. दादा, सरळ आरटीएक्स ४०६० घेऊन टाकू, हे त्याचं सारखं चालू होतं. कार्ड छानच आहे, ११५ वॉटमधे चालतं, फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम्स कार्डानंच तयार करणं) मिळतं, पण मेमरी ८ जीबी आणि स्लॉटच्या १६ लेन्सपैकी (डेटा ये-जा करायच्या वाटा) ८च वापरतं. त्याचा मदरबोर्ड बी४५०, म्हणजे स्लॉट जुन्या, हळू पिढीचा, पीसीआयई ३.०, तिथे कार्डाची मेमरी भरली की टेक्स्चर्स रॅममधून त्या अरुंद वाटेनं यायला लागतात आणि गेम झटके खातो. आरटीएक्स ३०६० जुनं, २०२१चं, पण १२ जीबीवालं घेतलं तर मेमरीही जास्त आणि लेन्सही पूर्ण १६. फक्त ते १७० वॉट ओढतं.

मग घरी येऊन कॅबिनेट उघडलं. पॉवर सप्लायच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरात ४५० वॉट, पण खाली १२ व्होल्टच्या रकान्यात, कार्ड ज्यावर चालतं तिथे, अँपिअर अगदीच कमी, आणि कार्डाला वेगळी पॉवर देणारी ८ पिनची वायरच नाही! त्याचं १६५० सगळी पॉवर स्लॉटमधूनच घेतं ना, म्हणून आजवर कधी अडलं नाही. एका दुकानदारानं मोलेक्सचा (जुन्या ४ पिनच्या वायरीचा) कन्व्हर्टर लावा म्हटलं, प्लीज असलं काही करू नका, वायर तापून वितळते.

एनव्हिडिया दोन्ही कार्डांना ५५० वॉटचा सप्लाय सांगते. तेव्हा या महिन्यात चांगला ५५०चा सप्लाय, आणि मग ३०६०, १२ जीबीवालंच.